लाल लाळेऱ्याचा देव

विमानतळावर पाया पडायच्या आधीच सुशांतनं, माझ्या थोरल्यानं, मला बजावलं, "आई, आसावरीसमोर तो विषय काढायचा नाही."

"कुठला विषय? बाळ म्हणायला जीभ झडते का तुझी?"

सुनेच्या बाळंतपणासाठी जूनचं तिकीट काढलं होतं. मार्चमध्ये, पाचव्या महिन्यात, पोटातलं गेलं. सुशांतनं फोन करून सांगितलं, तिकीट कॅन्सल करतो. मी म्हटलं, बाळ नाही, पण बाळाची आई आहे ना? मी येणार.

त्यांच्या अमेरिकेतल्या, नेपरव्हिलच्या घरात एक खोली बंद होती. तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना सुशांतनं सांगून ठेवलेलं, आसावरीला व्हायरल झालाय. तीन महिने व्हायरल. सून जेवायची, भांडी मशीनमध्ये लावायची, हसायचीसुद्धा. डोळे मात्र कोरडे ठणठणीत. माझंही दुसरं असंच गेलं होतं. सासूबाईंनी चौथ्या दिवशी मला चुलीपुढे बसवलं आणि घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चाळीस वर्षं मीही काढला नाही. ह्या पोरीला मात्र मी तसं गप्प बसवू देणार नव्हते.

एका शनिवारी तीच म्हणाली, "शिकागोकडे एका जपानी देवळाची बाग आहे. हायड्रेंजियाची फुलं आलीत म्हणे."

"पाऊस आहे गं," सुशांत म्हणाला.

"पावसातच बघतात ती."

तिनं तीन महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी चपला घालून दारात उभी राहिले.

कोबीच्या गड्ड्याएवढी निळी-जांभळी फुलं, पावसानं माना टाकलेली. वास म्हणाल तर काही नाही, नुसता तोरा. वाट दगडांची, शेवाळलेली. वाटेच्या टोकाला झाडाखाली हातभर उंचीच्या दगडी मूर्ती ओळीनं उभ्या होत्या. डोकी तान्ह्या पोरांसारखी गुळगुळीत आणि गळ्यात लाल लाळेरी.

देवळाचं बघणाऱ्या ओकादाबाई तिथं पानं वेचत होत्या. माझ्याच वयाच्या. आसावरीनं त्यांना इंग्रजीत काही विचारलं. बाई बराच वेळ बोलल्या. सुशांतचं तोंड उतरलं.

"काय म्हणाल्या रे?"

"काही नाही. त्यांचा देव आहे."

"जिझो," आसावरी म्हणाली. "जन्माआधी गेलेल्या मुलांना हा सांभाळतो, आई."

एवढंच बोलली. पण बोलली.

मी पिशवीतून करंडा काढला. देव कुणाचा का असेना, त्याला कोऱ्या कपाळानं ठेवून पुढे जायची मला सवय नाही. चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. पावसानं ते लगेच ओघळलं. कपाळावरून नाकावर, हनुवटीवर, दगडी पोटावर, लाल. आसावरीनं ते पाहिलं आणि ती तिथंच चिखलात बसली. मोठ्यानं रडली.

"आई, काय केलंस हे? असलं ॲलाऊड नसतं इथे. आणि हिला स्ट्रेस द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

पाऊस ध्यानात घ्यायला हवा होता, ते चुकलंच. पण त्याच्यापुढे कबूल करायची ती वेळ नव्हती.

"रडतेय ती. आत्ता तिला उठवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

ओकादाबाई लगबगीनं आल्या. मी भांडायला पदर खोचला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, आणि आत जाऊन पाण्याची बादली आणि वेळूची पळी आणली. पळी आसावरीच्या हातात दिली. आसावरीनं पाणी घातलं. मग पळी ठेवून दोन्ही हातांनीच पुसायला लागली. कानामागं, मानेच्या वळीत, बगलेत. तान्ह्याला न्हाऊ घालतात तसं. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

बाई परत आल्या त्या लाकडाची पातळ पट्टी आणि कुंचला घेऊन. सुशांतला काही विचारलं.

"काय विचारतायत?"

"नाव. लिहून इथे ठेवतात."

"मग सांग."

"आई, चल ना. उशीर होतोय."

"कशाला उशीर होतोय? मी सांगितलं असतं, पण मला तुम्ही कळवलेलंच नाही. बाप तू आहेस."

"कादंबरी," तो बुटांकडे बघत म्हणाला.

"मोठ्यानं सांग. चोरी केलेली नाहीस."

"कादंबरी." आता बाईंनी कुंचला टेकवला.

आसावरीनं ओल्या हातानं केस मागं सारले आणि त्याच्याकडे वर पाहिलं. "तुला तर अनिका हवं होतं. इथल्या लोकांना म्हणता येईल असं."

"हो."

"मग?"

सुशांतनं छत्री मिटली आणि तिच्याशेजारी चिखलात बसला.

"पोटावर हात ठेवून तू कादंबरीच म्हणायचीस," तो म्हणाला. "तिनं तेवढंच ऐकलं होतं."