एका चेंडूवर दोघी

सप्टेंबरात सकाळी गोल्फच्या मैदानावर दव इतकं दाट असतं, की काठीचं डोकं चेंडूपासून मागे सरकताना गवतावर एक गडद रेघ उमटते. माझी रेघ वीतभर सरळ जायची आणि मग आत, उजव्या पायाकडे वळायची. ती जिथे वळायची तिथेच मनगटात कळ यायची.

फेब्रुवारीत बेकरीसमोरच्या बर्फावर घसरून मी डावं मनगट मोडून घेतलं होतं. हाड जुळलं, पण किंचित तिरकं. पुढे आणि मागे ते नीट वाकतं. अंगठ्याच्या बाजूला वाकवलं की दुखतं. गोल्फमध्ये काठी वर नेताना नेमकं तसंच वाकवावं लागतं, कारण डावा हात काठीच्या वरच्या टोकाशी असतो आणि उजवा त्याच्या खाली. सगळं वजन वरच्या हातावर तोलायचं.

नोकरीची सगळी वर्षं मी डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवायचं, ही सवय अंगात मुरलेली. उन्हाळाभर तेच केलं. डावा हात थोडा उजवीकडे फिरवून पाहिला, मग डावीकडे. अंगठा काठीवर लांब ठेवला, आखडून घेतला. हात चेंडूच्या पुढे धरले, मग बरोबर वर. मागे जाताना आधी खांदे हलवले, नंतर आधी हात. न दुखणारी एक रीत सापडलीही, पण तिने मारलेला चेंडू दर वेळी गॉर्सच्या काटेरी झुडपांत जाऊन पडायचा.

एकटीसाठी खेळायचं असतं तर मी एवढा आटापिटा केला नसता. पण शरदातला जोड्यांचा सामना नेटा मॅकफेल आणि मी तरुणपणापासून एकत्र खेळत आलो आहोत. दोघींत चेंडू एकच. एकीने मारायचा आणि तो जिथे पडेल तिथून दुसरीने. माझा फटका चुकला की गॉर्समध्ये शिरायचं नेटाने.

मनगट प्लास्टरमध्ये होतं तेव्हा नेटा रोज सकाळी यायची. माझ्या कोटाची बटणं लावायची, मोरीत वाकवून माझे केस धुवायची आणि "पाणी गरम आहे का, सांग, नंतर रडू नकोस," म्हणून दटावायची. तिने सगळं विचारलं, पण या वर्षी खेळणार का, एवढं मात्र कधीच विचारलं नाही. जूनमध्ये फ्लोरा टेटने तिला जोडीसाठी गळ घातली, तेव्हाही ती म्हणाली, "सप्टेंबरात विचार." हे मला फ्लोरानेच सांगितलं. फ्लोरा चांगली खेळते. तिच्याबरोबर नेटा करंडक जिंकली असती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या क्लबात नावं लिहून देत नाहीत. सामन्याच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी सेक्रेटरी आर्ची टलक गेल्या वर्षीच्या जोड्या मोठ्याने पुकारतो. जोडीतल्या एकीने उत्तर द्यायचं, आणि जी उत्तर देईल तिने शनिवारी सगळ्यांदेखत पहिला फटका मारायचा. दोघी गप्प राहिल्या तर जोडी मोडली; मग जिने तिने नवी जोडीदार शोधावी. आमच्याकडून नेहमी नेटाच उत्तर द्यायची.

मंगळवारी आम्ही दोघीच सरावाला गेलो. समुद्राकडून वारा होता. पाचव्या खेपेला माझा चेंडू खोल वाळूच्या खड्ड्यात गेला, अगदी कडेच्या भिंतीला चिकटून. नेटाने खड्ड्यात उतरून त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"माफ कर," मी म्हणाले.

तिने काठी खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

जोडीदाराची माफी मागायची नाही, हा आमच्याकडे नियमच आहे. एकीचा फटका तो दोघींचा. जी माफी मागेल तिने पुढच्या होलपर्यंत दुसरीची पिशवी वाहायची. इतक्या वर्षांत मी तो नियम कधी मोडला नव्हता.

"निसटलं तोंडातून."

"निसटलं ना? मग उचल आता. आत पावसाळी कोट आहे, थर्मास आहे, आणि डोनल्डचे जुने बूट दुरुस्तीला द्यायचेत. मजा कर."

तिने चेंडू बाहेर काढला, दुसऱ्या फटक्यात. मी दाताळं घेऊन तिच्या पावलांचे ठसे सारखे करायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. मी दाताळं पुढे रेटत, मागे ओढत होते, जोर लावून, आणि मनगट गप्प होतं. मी हातांकडे पाहिलं. उजवा वर होता, डावा खाली.

"अगं, वाळूत काय पुरलंयस? ये वर," नेटा ओरडली.

"थांब जरा."

मी दाताळं पुन्हा ओढलं. मग हातांची अदलाबदल केली, नेहमीसारखी. लगेच कळ आली. परत बदलले तेव्हा काही नाही. उन्हाळाभर मी पकडीतलं सगळं बदलून पाहिलं होतं, पण कुठला हात वर असतो याला बदलता येण्याजोगी गोष्ट मानलंच नव्हतं.

पुढच्या होलच्या सुरुवातीला नेटाची पिशवी ठेवली आणि हात तसेच उलटे ठेवून काठी धरली. पहिल्यांदा ती चेंडूला लागलीच नाही. नेटा दुसरीकडे बघायला लागली, आणि तिचे खांदे हलत होते. दुसऱ्यांदा मी घाई केली नाही. काठी जमिनीलगत सावकाश मागे नेली, कमरेच्या वर जाऊ दिली नाही. डावं मनगट सरळच राहिलं. चेंडू उंच गेला नाही, पण वाऱ्याखालून सरळ गेला आणि मधोमध थांबला.

"दुखलं?" नेटाने विचारलं.

"नाही."

"मग तोंड का पाडलंयस?"

"कुठे थांबला तो, बघ. पूर्वी तिथून कितीतरी पुढे जायचा. राहिलेलं अंतर कोणी भरून काढायचं? तूच ना? आणि सगळे म्हणतील, ऊना गेडिस डोंगरातल्या पोरांसारखी शिंटी खेळतेय."

डोंगरातल्या गावांत शिंटी हा हॉकीसारखा खेळ खेळतात. तिथे वाकडी काठी हवी तशी, उजवा-डावा कुठलाही हात वर ठेवून धरतात. किनाऱ्यावरच्या लोकांना गोल्फच्या मैदानावर तशी पकड दिसली की हसू आवरत नाही.

नेटा पिशवीवर बसली. "मी कुठली?"

"डोंगरातली."

"डोनल्डशी लग्न करून इथे आले तेव्हा डावा हात खालीच असायचा माझा. सगळे हसले म्हणून बदलले हात. एक अख्खा उन्हाळा मी चेंडू सोडून बाकी सगळं मारलं. झुडपं, दगड, एकदा आर्चीची किटली. तेव्हा माझ्याबरोबर कोण खेळलं?"

"मी."

"का?"

"बाकी सगळ्यांच्या जोड्या ठरल्या होत्या."

"थापा मारू नकोस."

थाप होती खरी. तेव्हा मला तिच्या बोलण्याचं हसू यायचं, एवढंच कारण होतं.

"फ्लोराबरोबर तू जिंकशील," शेवटी म्हणाले.

"जिंकेन की. आणि मग घरी येताना गाडीत? फ्लोरा अख्ख्या रस्त्यात स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलते. आधी डावा, मग उजवा." तिने थर्मास उघडला आणि पहिला पेला माझ्या हातात दिला. "तू काय ते ठरव. मी विचारणार नाही."

"उन्हाळाभर विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू मला बरं वाटावं म्हणून हो म्हणाली असतीस. तसलं हो मला नको होतं."

चहा कडक होता आणि त्यात तिने माझ्यासाठी साखर आधीच घातली होती. ती स्वतः बिनसाखरेचा पिते. तरी आपला पेलाही तिने तसाच गोड पिऊन टाकला. मी पेल्यात बघत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर डोळे दिसले असते.

बुधवारी सकाळी एकटीच गेले. उलट्या पकडीने काठी मागे नेली तेव्हा दवावरची रेघ दोन वितींच्याही पुढे सरळ गेली. मी बऱ्याच रेघा काढल्या. सगळ्या सारख्याच आल्या. उरला प्रश्न लोकांच्या हसण्याचा, आणि तो काही मोजून सुटणारा नव्हता.

गुरुवारी क्लबात नेहमीची गर्दी होती. लीकचं सूप झालं होतं आणि ओल्या कोटांचा वास सुटला होता. फ्लोरा खिडकीशी बसून आमच्याकडे बघत होती. नेटा माझ्या शेजारी. तिने ओटच्या बिस्किटांची बशी जवळ ओढून घेतली होती.

आर्चीने घसा साफ केला. "बायांनो, गप्पा नंतर. हो म्हणाल तर पहिला फटका तुमचा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका." त्याने एकेक जोडी पुकारली. कोणी ओरडून उत्तर दिलं, कोणी हात वर केला, एका जोडीने आपसांत भांडण काढलं आणि मग दोघींनी एकदम हो म्हटलं.

"मॅकफेल आणि गेडिस."

नेटाने अख्खं बिस्कीट तोंडात कोंबलं.

"नेटा?" आर्ची म्हणाला.

नेटाने भरल्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि शांतपणे चावत राहिली. कोणीतरी हसलं. खिडकीशी फ्लोरा जरा पुढे सरकून बसली.

"मॅकफेल आणि गेडिस," आर्चीने पुन्हा पुकारलं. "आहेत की गेल्या?"

मी उभी राहिले. उभं राहायची पद्धत नाही आमच्याकडे. पण बसून आवाज निघाला नसता.

"खेळणार," मी म्हणाले. "पहिला फटका मी मारणार. डावा हात खाली धरून."