माझ्या कानातली लाल फीत

मी एक जुना झो आहे. म्हातारा म्हणालात तर शिंग दाखवीन. बाप याक, आई गाय. ताकद बापाची आणि राग मात्र माझा स्वतःचा.

मित्रांनो, आमचं लडाखी गाव खिंडीच्या पलीकडे आहे आणि तिथवर गाडी येत नाही. गावाच्या उतारावर सौर पॅनेल उभारायचं ठरलं, तेव्हा ती काचेची धुडं खिंड ओलांडून आणायचं काम माझ्या मालकाने, तुंडुपने, अंगावर घेतलं. म्हणजे माझ्या अंगावर घातलं. खिंडीतल्या देवाच्या दगडी राशीपुढे त्याने सगळ्यांदेखत शब्द दिला, "सगळी पॅनेलं न फुटता पोचली, तर ह्याला त्सेथर करीन." त्सेथर म्हणजे कानात लाल फीत ओवून मोकळं सोडलेलं जनावर. त्याच्या पाठीवर पुन्हा ओझं नाही की मानेवर सुरी नाही.

मी जिवाचं रान केलं. एकदा बर्फावरून घसरलो, तेव्हा गुडघ्यांवर पडलो, पण कुशीवर कललो नाही. गुडघे फुटले, काच शाबूत राहिली. मग गावाने गोठलेली जमीन शेणाच्या विस्तवाने मऊ करून खड्डे खणले, खांब रोवले आणि बर्फ साचू नये म्हणून पॅनेलं चांगली उभट बसवली. तुंडुपच्या थोरल्या बहिणीने, पाल्मोने, माझ्या कानात फीत ओवली आणि मला मूठभर सातूचं पीठ चारलं. नंतर ती मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात गेली.

तिची पाठ वळली आणि तुंडुपने लोकरीची कात्री काढली. "बॅटऱ्या यायच्यात अजून. तू काय लगेच साधू झालास का रे?" त्याने फीत कापली. गाठीजवळचा तुकडा तेवढा कानाच्या केसांत अडकून राहिला. पहिल्या खेपेच्या बॅटऱ्या मीच वाहिल्या. थंडीआधी मला कसायाला द्यायचं तो ठरवत होता, तेही मी ऐकलं. तेव्हापासून मी गवत कमी आणि सूडच जास्त चघळला.

दिवे लागायच्या दिवशी सारं गाव उतारावर जमलं. तुंडुपच्या गळ्यात खताक, म्हणजे मानाचं पांढरं रेशमी वस्त्र पडलं. पाल्मो दिसताच मी दावं तोडलं, थेट तिच्यापुढे गेलो आणि कान तिच्या हातात दिला.

"फीत कुठेय ह्याची?"

"काट्यात अडकून तुटली, आचे," तुंडुप बहिणीला म्हणाला.

"काट्यात? कान कसा फाटला नाही मग? टोक बघ, सरळ कापलंय! देवापुढे बोलला होतास ना रे मेल्या?"

गावच्या गोबाने, म्हणजे मुखियाने, तुंडुपच्या गळ्यातलं खताक काढून माझ्या शिंगांना बांधलं. "उरलेल्या बॅटऱ्या अजून खिंडीपलीकडे आहेत," तो म्हणाला. "त्या आता तुंडुपच्या पाठीवरून येतील." मित्रांनो, त्या दिवशी घराघरांत उजेड पडला, पण माझ्याएवढा आनंद कुणालाच झाला नसेल.

आता माझ्या कानात नवी फीत आहे. तुंडुप बॅटरी घेऊन चढू लागला की मी हमखास पुढे होतो आणि वाट अरुंद होते तिथे मधोमध उभा राहतो.

"सरक ना रे बाबा," तो कळवळतो. मी रवंथ करतो.

मित्रांनो, जनावरांना माया लावा, त्यांचं दुखलंखुपलं बघा आणि त्यांना दिलेला शब्द पाळा. नाही पाळलात तरी माझी काही तक्रार नाही. वाट अरुंद आहे आणि मला कसलीही घाई नाही.