किल्ली ओव्हनच्या हँडलला

टिक्.

माझी लेक हेटी नुकतीच झोपली होती. तिच्या पाळणाघरातून दहा वाजता फोन आला होता, पोट दुखतंय म्हणून. तपासणी उरकून मी पोचले, आणि बारा वाजता गाडीत बसल्याबरोबर पोट दुखायचं थांबलं आणि बिस्किटं मागून झाली. आता दुपारचे दोन वाजले होते. पाच वर्षांचं पोर झोपलंय, घर गप्प, पुढ्यात लॅपटॉप. सकाळी तपासलेल्या घराचा अहवाल लिहायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

टिक्.

धूर झाला की वाजणाऱ्या, छताला लावलेल्या भोंग्याची बॅटरी संपत आली होती. विक्रीआधी घरं तपासण्याचा परवाना मिळवायला निघालेली बाई, आणि तिच्याच घरात ही तऱ्हा. हेटी जागी व्हायच्या आत मी खुर्चीवर चढले, बॅटरी बदलली आणि चाचणीच्या बटणावर बोट ठेवलं. दाबलं तर पोर उठणार. बोट तसंच राहिलं.

सकाळी मी असंच एक बटण दाबलं होतं. मिसेस लिंडगार्डच्या गॅरेजमध्ये.

गॅरेजातल्या सॉकेटवर दोन बारकी बटणं असतात. एक दाबलं की वीज तुटते, दुसरं दाबलं की परत येते. तुटते की नाही ते बघायचं आणि लगेच परत जोडायची. मी पहिलं दाबलं, खिशात फोन वाजला, पाळणाघर. दुसरं दाबलंच नाही. त्याच तारेवर पुढे भिंतीलगत त्यांचा आडवा फ्रीजर होता, आणि मिसेस लिंडगार्ड आज चार वाजता मुलीकडे निघणार होत्या. आठवडाभरासाठी.

ड्वाइट ओकरलंड, ज्याच्या हाताखाली मी शिकते, तो ओव्हन चालू करून बघताना ट्रकची किल्ली ओव्हनच्या हँडलला अडकवतो. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे ओव्हन चालू राहत नाही. पहिल्या दिवशी मी हसले होते. तेव्हा तो म्हणाला होता, "हस, पोरी. मागच्या शिकाऊने बाथटबचा नळ चालू ठेवला आणि जेवायला गेला. आता तो गालिचे विकतो."

परवान्यासाठी शिकाऊ म्हणून भरायच्या माझ्या चाळीस तासांच्या कागदावर त्याची शेवटची सही बाकी होती. सकाळच्याच घराची.

मिसेस लिंडगार्डना तीनदा फोन लावला, उचलेनात. मग ड्वाइटला लावला आणि एका श्वासात सगळं सांगितलं.

त्याने एवढंच विचारलं, "किल्ली कुठे होती तुझी?"

"खिशात."

"हं. मी पोचतो. तूही ये. कागद घेऊन ये."

कागद कशाला, ते विचारायचा धीर झाला नाही. झोपलेल्या हेटीला तशीच उचलून गाडीत घातली. ती वाटेत जागी झाली. "आपण कुठे चाललोय?"

"एक बटण दाबायला."

"मी दाबू?"

मिसेस लिंडगार्ड गाडीत बॅगा भरत होत्या. ड्वाइट ट्रकला टेकून उभा होता. त्याने त्यांच्याजवळ अवाक्षरही काढलं नव्हतं. माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली. म्हणजे तू सांग.

मी सांगितलं. अडखळत, पण सगळं.

"अगं बाई," मिसेस लिंडगार्ड म्हणाल्या, आणि बॅग तिथेच टाकून गॅरेजकडे निघाल्या.

हेटीने बटण दाबलं. फ्रीजर गुरगुरला. मिसेस लिंडगार्डनी झाकण उघडून आत हात घातला, दोन पुडकी एकमेकांवर आपटली. ठक्क, दगडासारखी.

"भरलेला फ्रीजर आहे, चार तासांत काय होतंय त्याला," ड्वाइट म्हणाला. "आठवडा गेला असता तर वासाने शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले असते."

"माझ्या नवऱ्याने, आर्नीने मारलेलं एल्क आहे हे," मिसेस लिंडगार्ड म्हणाल्या. त्या थोराड हरणाच्या मांसाच्या पुडक्यांवर जाड पेनाने, तिरक्या अक्षरात तारखा होत्या. "शेवटचं. हिवाळ्यात तो गेला. एकेक काढते, महिन्याला एक." मग माझ्याकडे बघून, "फोन गाडीत राहिला गं माझा. तू आलीस ते बरं झालं."

ड्वाइटने झाकण लावलं आणि त्यावर थाप मारली. "कागद."

मी दिला. त्याने तो फ्रीजरवर पसरला.

"पुढे गप्प बसली असतीस तर तूच केलंस हे मला कधी कळलं नसतं," तो म्हणाला. "पेन दे. आणि सोमवारी एक किल्ली विकत घे. कसलीही. दार नसलेली चालेल." सही त्याची नेहमीचीच, कोंबडीने माती उकरल्यासारखी. मला ती फार देखणी वाटली.

मिसेस लिंडगार्डनी एक पुडकं माझ्या हातात कोंबलं. "नको" म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "नवीन घरात एवढा मोठा फ्रीजर मावणार नाही. घे मुकाट्याने."

हेटी मघापासून छताकडे, भिंतींकडे, पायांखालच्या फरशीकडे निरखून बघत होती, अगदी माझ्यासारखी, हात मागे बांधून.

"आई, तू हे सगळं घर तपासलंस?"

"हो."

"काही मोडलंय?"

"फारसं नाही. एक पन्हळ निखळलीय."

तिने अंगणात बॅग उचलणाऱ्या मिसेस लिंडगार्डकडे पाहिलं.

"मग आजी नवीन घरात का चालल्यात?"