अधोमुख पाने

मंगळवार, ११ मार्च २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. अंगणात कोरफडीची कापलेली पाने त्रेसष्ट, ती सोलायला जमलेल्या बायका नऊ आणि भांडणारी माणसे दोन.

भांडणारी म्हणजे माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भावजयीने सहा वर्षे खपून शेताच्या बांधावर कोरफडीची दाट रांग वाढवली होती. धाकट्याला नेमकी तिथूनच ट्रॅक्टरची वाट काढायची होती. शनिवारी खोदाईचे यंत्र येणार, हेही ठरवून तो मोकळा झाला होता. शेवटी भावजयीने एक करार पदरात पाडून घेतला. चेहऱ्याचे मलम बनवणाऱ्या कारखान्यातून तपासनीस बाई येणार होत्या. त्यांना गर पसंत पडला तर रांग राहणार, नाही पडला तर उपटली जाणार.

"काटेरी गवत ते! त्याचं कसलं आलंय मलम?" धाकटा म्हणाला.

"आरशात मान बघा आपली. उन्हानं भाजून वांगं झालंय नुसतं. पहिलं तिथंच लावते."

"माझ्या मानेला हात लावायचा नाही!"

"बरं. मग नुसती डोलवा."

बायका खो-खो हसल्या. हसण्याच्या भरात एकीच्या मुठीतले सोललेले पान सटकले, दुसरीच्या मांडीवरून घसरले, तिसरीने झेललेले पुन्हा उसळले आणि थेट धाकट्याच्या सदऱ्याच्या खिशात जाऊन विसावले.

"घ्या, आलं की नाही पसंतीला?" चष्मेवाली आत्या म्हणाली. ही आमची शेजारीण. नऊ जणींत वयाने मोठी आणि वाचनात तरबेज.

कामाची पद्धत लेखी असावी, हा आग्रह मी तंत्रनिकेतनातल्या मास्तरकीतून घरी आणलेला. कोरफडीच्या सालीलगत पिवळा चीक असतो. पान कापल्यावर तो निथळू द्यावा लागतो. राहिला तर कातडीला खाज सुटते. म्हणून मी आदल्या दिवशीच ठळक अक्षरांत सूचनापत्र लिहून भिंतीवर चिकटवले होते. बायकांनी पहाटे त्याबरहुकूम सर्व पाने माझ्या लोखंडी घोडीच्या खाचांत उभी केली होती, आणि मी आंघोळ उरकून येईपर्यंत सोलायलाही घेतली होती.

नऊ वाजता तपासनीस बाई आल्या. तळहाताएवढे रंगमापक यंत्र त्यांनी स्टुलावर मांडले.

"गरात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं," त्या म्हणाल्या. "किमया उरलेल्या थोडक्याची. कातडीत ओलावा टिकतो, उन्हानं तापलेली कातडी निवते. पण पिवळा चीक आम्हाला दहा लाखांत पन्नास भागांच्या आत हवा. आणि मानवतो की नाही, ते आधी मनगटावर लावून बघायचं."

"माझ्या लावा!" धाकटा हात पुढे करून उभा राहिला. मिनिटभरात तो मनगट खाजवू लागला. खाजवता खाजवता आनंदाने त्याने अंगणात एक गिरकीच घेतली. "खाजतंय! अहो, काय झकास खाजतंय!"

यंत्राने आकडा दाखवला: तीनशे चाळीस.

भावजयीचा चेहरा उतरला. ती सुरीचे पाते उगाचच पुसत राहिली.

"पानं निथळली नव्हती का?" बाईंनी विचारले.

"पूर्ण वीस मिनिटं," आत्या माझ्याकडे बोट करून म्हणाली. "काकांच्या कागदाप्रमाणं. वाचू? 'छेदित पृष्ठ अधोमुख ठेवून पर्ण वीस मिनिटे उभे करावे.' अधोमुख म्हणजे तोंड खाली. पानाचं तोंड म्हणजे शेंडा. केले सगळ्यांचे शेंडे खाली!"

"अहो, छेदित पृष्ठ!" मी म्हणालो. "कापलेली बाजू खाली!"

"पृष्ठ म्हणजे पाठ ना? पाठ तर सगळ्याच पानांना असते. मग म्हटलं, असेल शास्त्र."

थोडक्यात, त्रेसष्ट पाने शीर्षासन करून उभी होती आणि चीक आतल्या आत कोंडला होता. मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. दोष सर्वस्वी माझ्या मराठीचा होता.

"मला अकराला निघावं लागेल," बाई म्हणाल्या.

भावजय उठली. तिने सूचनापत्र भिंतीवरून ओढून काढले. "भाऊजी, रागावू नका. आता मी सांगते. चला गं! नवी पानं कापा. बूड खाली, शेंडा वर, आणि रडू द्या वीस मिनिटं!"

'बूड खाली, शेंडा वर' ही चार शब्दांची जोडणी मला तीस वर्षांच्या मास्तरकीत जमली नसती. बायका धावल्या, कोणी घसरली, एक बादलीत बसली आणि तशीच पाने मोजू लागली. चाळीस नवी पाने घोडीत उभी राहिली. त्यांच्या बुडातून पिवळे थेंब टपटपू लागले. मग धुणे, सोलणे, पुन्हा धुणे. बाईंनी नवा गर आधी बायकांच्या मनगटांवर तपासला. कोणालाच खाज आली नाही, तेव्हा त्यांनी तो भावजयीसकट दहाजणींच्या चेहऱ्यांवर पातळसा फिरवला. धाकट्याने मनगट खळखळून धुतले आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून बोटभर गर मानेवर ओढला.

"कसं वाटतंय?" मी विचारले.

"थंड आहे," तो पुटपुटला. "तिला सांगू नकोस."

वाळणारा गर कातडी ताणतो. दहा वाजून पन्नास मिनिटांनी यंत्रात नमुना गेला, तेव्हा दहाही चेहरे ढोलाच्या चामड्यासारखे ताठ झाले होते.

"किती आला?" धाकट्याने विचारले.

"अअआ," भावजय म्हणाली.

"काय?"

"अहला आहा," आत्याने खुलासा केला.

"अगं, नीट बोला की!"

"अकरा," बाईंनीच सांगितले. "दर आठवड्याला चाळीस किलो पाठवा."

भावजयीला हसू आवरेना. तिच्या गालांवरची पापडी तडकली, मग आत्याची, मग सगळ्यांची; अंगणभर पारदर्शक कपच्या उडाल्या. धाकटा मानेवरून हात फिरवत बांधाकडे वळला. मग म्हणाला, "वाट पलीकडच्या अंगानंही निघेल म्हणा. वळसा पडेल जरा."

शनिवारी खोदाईचे यंत्र आले आणि पलीकडच्या अंगाने काम करून गेले. उपटलेली रोपे: शून्य.