इतिवृत्तातली मावशी

आंतरराष्ट्रीय संबंध विभागाच्या वर्गात मुलं दोन देश होऊन सीमेच्या वाटाघाटी करत होती. अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहिणं त्यातल्या एका मुलीच्या गळ्यात पडलं.

कलम एक : नदीच्या बदल्यात तीन गावं दिली.

तिचा हात थांबला. नकाशा खराखुरा होता आणि तिसऱ्या गावात तिची सख्खी मावशी राहत होती.

"सर, गावातल्यांना विचारलं का कोणी?"

"भावना घरी ठेवून येत जा गं," सर हसले. "पोरांनो, काय समंजस तडजोड केलीत!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कलम दोन : मावशीला कोणीही विचारलं नाही.

"खोड ते!" वहीत डोकावून सर म्हणाले.

"जे घडलं तेच लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? घ्या, करा सही."