हवापालट

"हिला धुळीपासून लांब न्या, हवा बदला," असं म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? हवा म्हणजे काय खिडकीचा पडदा आहे, एक काढला आणि दुसरा लावला? आम्ही लखनऊच्या गोमती नगरात राहायला आलो तेव्हा चहूकडे घरं उठत होती. समोर वाळूचा ढीग, मागे सिमेंटच्या गोण्या, आणि मधे आमची देविका, नऊ वर्षांची, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपणारी. दम लागला की तिच्या गळ्याखालचा खड्डा आत-बाहेर व्हायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

आमचे हणमंतराव अमौसीच्या विमानतळावर यंत्रं दुरुस्त करायचे. मुलीचा दमाही आपण दुरुस्त करून दाखवू, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. कुणीतरी त्यांना मलिहाबादजवळचं एक गेस्ट हाऊस सुचवलं. आंब्याच्या बागेत जुना बंगला, पुढे फुलझाडं, वाहनांचा मागमूस नाही. त्यांनी पाडव्याला जोडून रजा टाकली आणि चौऱ्याण्णव सालच्या चैत्रात आम्ही तिघं तिथं जाऊन पोचलो.

खोटं कशाला बोलू, जागा छान होती. ओसरीपुढे मोगरा आणि गुलाब, त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर आंबा, आणि बंगल्याच्या कोपऱ्यावर एक भला मोठा कडुलिंब. मालक रिझवीसाहेब म्हातारे आणि इतके अदबशीर, की त्यांच्यापुढे आपण उगाचच आडदांड वाटावं. पहिल्याच दिवशी चहा देताना त्यांनी सांगितलं, "बाग़ ठेकेदार उठा चुका है। परसों ही दवा पड़ी है। बिटिया से कहिएगा, आम को हाथ न लगाए।"

बाग ठेक्यानं गेली होती, आणि दवा म्हणजे किडीवर फवारलेलं विष. झालं. हणमंतरावांनी तो शब्द उचलला तो सोडलाच नाही. देविकानं गळून पडलेली बोराएवढी कैरी उचलली, तर ती फेकायला लावून त्यांनी साबणानं तिचे हात धुतले. पुन्हा धुतले. मी चिडवलं, "आता कोकिळेचीही चोच धुऊन या." ते हसले नाहीत. मुलीच्या बाबतीत त्यांना थट्टा चालायची नाही.

दुसऱ्या दिवशी देविका पळाली. मोगऱ्यापासून ओसरीपर्यंत, धापा न टाकता. कितीतरी महिन्यांनी मी तिला पळताना पाहत होते. हणमंतराव माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस?" मी मान फिरवली, कारण मला रडू येत होतं. त्या एका दिवसासाठी मी त्या बागेचे पाय धरायलाही तयार होते.

पाडव्याला हणमंतरावांनी माळ्याकडून बांबू मागून आणला. मी माझा पैठणी खण काढला, तांब्या घासला. साखरेच्या गाठी लखनऊत कुठल्या मिळायला, म्हणून दरवर्षीसारखी बताशांची माळ ओवली. आंब्याचा डहाळा मात्र ते लावू देईनात. "दवा आहे त्याच्यावर, आंबा नको." मग कोपऱ्यावरच्या कडुलिंबाचीच मोठी फांदी त्यांनी तोडली. अर्धी गुढीला बांधली. उरलेल्या फांदीची कोवळी पालवी खुडून हापशाखाली धुतली आणि गूळ, ओवा, हरभऱ्याची डाळ घालून स्वतःच्या हातानं वाटली. वर्षाच्या पहिल्या सकाळी कडुलिंब पोटात गेला पाहिजे, याबाबतीत ते त्यांच्या आईवर गेले होते.

त्यांनी स्वतः गोळाभर खाल्ला. मी पुऱ्या लाटत होते. जिभेला लावल्यासारखं केलं आणि बाकीचं ताटाच्या कडेला सारलं. देविका एरवी कडुलिंब म्हटला की घर डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी ते तिला म्हणाले, "यानं छातीतला कफ जातो बघ. नीट चावून खाल्लास तर शाळेत कबड्डी खेळशील." तिनं डोळे मिटून खाल्ला. मग हात पुढे केला.

"बाबा, और दीजिए. मुझे जल्दी ठीक होना है."

त्यांनी दिला. तिनं परत मागितला, परत दिला. तोंड वेडंवाकडं करत खात होती आणि आम्ही दोघं कौतुकानं बघत होतो.

जेवणं उरकेपर्यंत तिचं पोट दुखायला लागलं. हणमंतरावांनाही उलटी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चक्का घरून आणलास ना डब्यातून? या उन्हात? श्रीखंड बाधलंय." मी ते चाखून बघितलं होतं, ते आंबलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगत होते. आम्ही भांडत राहिलो आणि तेवढ्यात देविकाला दम लागला.

हा नेहमीचा दम नव्हता. नेहमी तिचे ओठ सुकायचे. आता तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी, अंगावर घामाच्या धारा. मी म्हटलं, "अहो, हे वेगळं आहे, गाडी बघा." ते म्हणाले, "दम्यात हलवायचं नाही. आणि न्यायचं कुठं? त्या धुळीत? हवा आहे ती इथंच आहे." त्यांनी तिची खाट उचलून आंब्याखाली, मोकळ्यावर नेली. तिच्या तोंडात पंप मारला, पाठ चोळली, पुन्हा पंप मारला. मीही पदरानं वारा घालत बसले. तिच्या दंडावरची कातडी आतून कुणी टोचल्यासारखी उडत होती, ते मला दिसत होतं.

तिची शुद्ध हरपली तेव्हा मी ओरडत बंगल्यात गेले. रिझवीसाहेबांनी जीप काढली.

लखनऊच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी देविकाच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी मागे वळून विचारलं, "कहाँ से लाए हैं? बाग़ से? इसने क्या खाया है?"

"कुछ नहीं," हणमंतराव म्हणाले. ताठ मानेनं म्हणाले. "आम को तो मैंने छूने तक नहीं दिया."

"और कुछ? कोई पत्ता, कोई फल?"

"नीम," मी म्हटलं. "आज हमारा त्योहार था."

मग धावपळ झाली, सुया टोचल्या गेल्या, नळी घातली, आम्हाला बाहेर काढलं. बाकावर रिझवीसाहेब टोपी हातात घेऊन बसले होते. नीम म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "बची हुई दवा ठेकेदार के आदमी उसी नीम पर छिड़क देते हैं, बीबी. चींटे मर जाते हैं. हमारे यहाँ दातून भी लोग सड़क वाले पेड़ से तोड़ते हैं. इस मौसम में बाग़ का नीम कोई नहीं छूता. सब जानते हैं." मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "आप लोग... खाते हैं उसे?"

मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला. आंबा सांगितलास, कडुलिंब का नाही सांगितलास? पण तो तरी कशाला सांगणार? त्याला पाडवा काय ठाऊक? हणमंतराव मात्र स्वतःच्या हातांकडे बघत होते.

दिवस मावळायच्या आत देविका गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा आधी आणायला हवं होतं. त्यांना असं म्हणायचा हक्क होता, पण मला ते सहन झालं नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

कराडला कळवणं भाग होतं. इस्पितळासमोरच्या एसटीडी बूथमध्ये हणमंतराव शिरले, मी दारात उभी. सासूबाई फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आधी नुसता आकांत. मग, "असं कसं झालं रे, हणमंता?"

"दम्यानं गेली, आई."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वेळी माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतका राग होता, की त्यांना उघडं पाडायलाही मी तोंड उघडलं नसतं. आणि इतकी दया होती, की तो राग धड करताही येत नव्हता.

सासूबाई रडत होत्या. रडता रडता त्यांनी विचारलं, "वर्षाचा पहिला दिवस रे... पोरीच्या तोंडात कडुलिंब तरी घातला होतास का?"

हणमंतरावांनी दुसऱ्या हातानं बूथची काच धरली.

"घातला, आई," ते म्हणाले. "मागून मागून खाल्ला तिनं."