विचारून बघू, नाहीतर निघू

तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हाच मला तो खरा वाटला नाही. 'संघातून बाहेर पडावं' ६३ टक्के. 'अटी नव्याने ठरवून संघातच राहावं' ११. 'आहे तसंच चालू द्यावं' २६. लोकांना मधला पर्याय दिला की बरेचजण तिकडे सरकतात. चहा किती गोड हवा इथपासून सरकार कसं वाटतं इथपर्यंत मी हे पाहिलं आहे. इथे मात्र मधल्या पर्यायाला कुणी फारसं शिवलंच नव्हतं.

आमची कंपनी चेन्नईत, पेरुंगुडीला आहे. परदेशी संस्थांसाठी आम्ही फोनवरून लोकांची मतं विचारतो. हे काम एका छोट्या बेटावरच्या देशाचं होतं. त्याचं नाव सांगायची मला परवानगी नाही. तो देश शेजारच्या मोठ्या देशाबरोबर एका संघात आहे. चलन एक, जकात एक; पण समुद्रात मासे कुणी पकडायचे याचे परवाने मोठा देश वाटतो, आणि तिथेच दुखतं. पुढच्या आठवड्यात दोघांची बोलणी होती, त्यानंतर संघात राहायचं की नाही यावर बेटावर मतदान. आमचा आकडा त्याआधी तिथल्या वर्तमानपत्रांत येणार होता.

पाहणी कशी केली याच्या टिपणाखाली सही माझी असणार होती, आणि मी अजून प्रोबेशनवर होते. सही केली आणि आकडा चुकीचा निघाला, तर एक अख्खा देश त्या आकड्यावर भरवसा ठेवून मत देणार. सही नाही केली, तर वेलचेरीची खोली सोडून मी अकोल्याला परत.

पहिला संशय ग्राहकावर. हवा तो आकडा विकत घेणारे असतातच. दुसरा उपेंद्र सरांवर, कारण हे काम त्यांनीच आणलं होतं. सर तंजावरच्या मराठी घराण्यातले. घरी बोलतात ती मराठी मला अर्धी कीर्तनातल्यासारखी आणि अर्धी तमिळ वाटते.

जेवणाच्या सुट्टीत मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, मधला पर्याय अकरा टक्के. पटतं तुम्हाला?"

"तिकडचे लोक आहेत मा. त्यांच्या मनातलं मज काय ठाऊक?" त्यांनी दहीभात कालवत विचारलं. "तुज कोण सांगितलं हा खोटा म्हणून?"

"कुणी नाही. मलाच वाटतं."

"वाटतं!" ते हसले. "एम.एस्सी. करून वाटतं म्हणतेस? तुमच्या महाराष्ट्रात जेवणाआधी संशय घ्यायची रीत आहे काय? आधी जेव. मग पाहून सांग."

हसणं मोकळं होतं. तरी 'पाहू नको' असं ते म्हणाले नाहीत याचाच मला संशय आला. काही सापडणार नाही याची त्यांना खात्री असावी.

मी रेकॉर्डिंग ऐकायला बसले. 'बाहेर पडावं' यात धरलेला पहिलाच आवाज एका वयस्कर बाईचा होता. ती म्हणत होती, "त्यांना एकदा नीट बसवून विचारा. आमचा समुद्र आम्हाला द्या म्हणावं. नाहीच ऐकलं, तर निघू." दुसरा एक तरुण: "संघ बरा आहे हो, पण परवाने हवेत. नाही दिले तर रामराम." तिसरा, चौथा, सगळे त्याच वळणाचे. आधी विचारा, मग निघा. आणि सगळ्यांची नोंद 'बाहेर पडावं'.

फोनवर लोक आपल्या शब्दांत बोलतात; ते ऐकून कोणत्या पर्यायात धरायचं हे ठरवायचं काम चंद्रिका अक्कांच्या गटाकडे असतं. त्या या कंपनीत सर्वांत जुन्या. मी त्यांना बाईचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

"शेवटी काय म्हणाली?" अक्कांनी विचारलं.

"निघू."

"मग झालं तर. निघू."

"पण आधी विचारा म्हणाली ना, अक्का!"

"अय्यो, सगळेच आधी काहीतरी म्हणतात." त्यांनी हेडफोन काढले. "हे बघ. मोबाइल कंपनीचं गिऱ्हाईक काय म्हणतं? बिल कमी करा, नाहीतर नंबर दुसरीकडे नेतो. त्याला आम्ही जाणारा धरतो. राहणारा धरला आणि गेला, तर कंपनी आमचं डोकं खाते. जाणारा धरला आणि राहिला, तर कुणाचं काय बिघडतं? उलट त्याला सवलत मिळते."

"पण हा देश आहे."

"मग देशाचा नियम वेगळा, हे आम्हाला कोण सांगणार होतं? तू?" त्या डोळे बारीक करून म्हणाल्या. "माझा नवरा दर पोंगलला म्हणतो, तुझ्या आईने असंच केलं तर मी घर सोडून जातो. तोही जाणारा धरू?"

"अजून गेला नाही ना?"

"कुठला जातो! दर वर्षी नवी वेष्टी नेसून जेवायला बसतो."

मोबाइलच्या पाहण्यांचा नियम वर्षानुवर्षं हाताला बसला होता आणि कुणीही न ठरवता तो एका देशाला लागू झाला होता. कट नव्हता, सवय होती. हे स्पष्टीकरण इतकं सोपं होतं की मी त्यावरही अविश्वास दाखवला आणि सगळी उत्तरं पुन्हा ऐकायला मागितली. अक्का कुरकुरल्या, पण गट बसवला. ६३ टक्क्यांचे दोन भाग झाले: काहीही झालं तरी निघू म्हणणारे २२, आणि आधी विचारून बघू, नाहीतर निघू म्हणणारे ४१. ह्या ४१ मध्ये मधले ११ मिळवले तर अर्ध्याहून जास्त लोक आधी बोलणी करा म्हणत होते.

उपेंद्र सरांनी नवा तक्ता बराच वेळ पाहिला. मग हसू न आणता म्हणाले, "सरि, ठीक आहे. फोन लावूया."

ग्राहकाकडून बोलणारे ओरेल नावाचे गृहस्थ होते, तिथल्या सरकारच्या सल्लागार समितीतले. पडद्यावर त्यांच्या मागे उन्हाने पांढरी पडलेली खिडकी होती. चूक ऐकून ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत.

"मलाही त्रेसष्ट जास्तच वाटले होते," ते म्हणाले.

"मग विचारलं का नाहीत?" मी म्हणाले.

"हवे होते म्हणून. बाई, आम्हाला संघ सोडायचा नाही. आम्हाला परवाने हवेत. बावीस टक्के घेऊन मी बोलणीला बसलो, तर समोरचे मला चहा पाजून घरी पाठवतील. त्रेसष्ट घेऊन बसलो, तर कागद काढतील."

त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं म्हणता येत नव्हतं. जाण्याची भीती घातल्याशिवाय अटी बदलत नाहीत, हे तर ती म्हातारी बाईही म्हणत होती.

"पण हा आकडा फक्त समोरचे वाचणार नाहीत," मी म्हणाले. "तुमचे लोकही वाचतील. त्यांनीच खरा मानला तर?"

"आमचे लोक आम्ही ओळखतो."

"मग आम्हाला कशाला विचारायला लावलंत?"

सरांनी टेबलाखालून माझ्या खुर्चीला पाय मारला. मग स्वतःच अगदी मऊ इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर ओरेल, तक्ता चार ओळींचाच जाईल. बावीस आणि एकेचाळीस यांची बेरीज करू नये, असं वाक्य टिपणात राहील. ते नको असेल तर आमचं नाव वापरू नका."

"मान्य," ओरेल लगेच म्हणाले. "नाव नको."

इतकं लगेच, की हे आधीच ठरलेलं होतं का, असं मला वाटलं. फोन बंद झाल्यावर मी सरांकडे पाहिलं.

"काय पाहतेस? आपलं नाव वाचलं की. तुझी नोकरीही."

"आणि आकडा?"

"आकडा त्यांनी पैसे देऊन घेतला मा. तो परत कसा मागू?"

त्यांनी माझी बाजू घेतली की ओरेलना वाट करून दिली, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही गृहीतकांना तोच पुरावा बसतो.

दोन दिवसांनी बेटावरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं: एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार ६३ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने. बोलणी सुरू व्हायला अजून अवकाश होता.

आमच्या कामात एक पद्धत आहे. नोंदी बरोबर आहेत का हे पाहायला काही लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पुन्हा फोन करायचा असतो. वर्तमानपत्राला काही सांगणं करारात बसत नव्हतं. हे बसत होतं. निदान ४१ ची ओळ पक्की आहे, एवढं मला माझ्यापुरतं सिद्ध करायचं होतं. त्या ओळीतल्या लोकांना मी स्वतः फोन लावला.

पहिला फोन एका होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाने उचलला. मागे लाकडावर घासल्याचा आवाज येत होता.

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, आधी विचारून बघू, नाहीतर निघू. बरोबर लिहिलंय ना?"

"म्हणालो होतो," तो म्हणाला. घासणं थांबलं. "पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं ना, सगळे निघायला तयार आहेत म्हणून. मला वाटत होतं मी एकटाच चिडलोय."

"सगळे नाहीत. तुमच्यासारखेच पुष्कळ..." मी थांबले. उत्तर देणाऱ्याला आकडे सांगायचे नसतात. सांगितले तर त्याचं उत्तर त्याचं राहत नाही.

"पेपरात आलंय की. त्रेसष्ट." तो हसला. त्या हसण्यात थोडा धीर होता. "एवढे लोक आहेत तर मग विचारत कशाला बसायचं? लिहा, निघू."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही लांबून बोलता, तुम्हाला काय कळणार?"

मी त्याची ओळ बदलली, ४१ मधून २२ मध्ये. उत्तर साफ होतं, त्यात अट नव्हती. मग यादीतला पुढचा नंबर लावला आणि तिकडे रिंग वाजताना ऐकत राहिले.